रुळाजवळचा धक्का

सत्तावीस वर्षं मी कंडक्टरकी केली, तीही विदर्भातल्या उन्हात. आणि इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला, माझा लेक निमिष मला डिशवॉशरसुद्धा लावू देत नाही. "आई, तू आराम कर." आराम करून करून माणूस कुजतं, हे या इंजिनिअरांना कोण सांगणार?

म्हणून जुन्या बसगाड्यांच्या म्युझियमला व्हॉलंटियर हवेत हे कळल्यावर मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. एकदाचं नेलं त्याने. तिथे सगळे पेन्शनर. कुणी नट आवळतंय, कुणी सीट शिवतंय, पगार कुणालाच नाही. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथल्या मुख्य बाई डोना म्हणाल्या, "आज एक फेरी ट्रायल. नीट झाली तर दर रविवारी कंडक्टर तुम्हीच." देवा, एवढी एक ड्यूटी लागू दे, म्हटलं. घरात माझी कुणाला गरजच उरली नव्हती.

निमिषला ऑफिसचा कॉल आला, तो शेडमध्येच थांबला. बस एकोणीसशे बावन्नची, हिरवी, चकाचक, म्युझियम बघायला आलेल्या लोकांनी भरलेली. ड्रायव्हर वॉल्टर, वय एक्याऐंशी, कानाने जरा कमी, आरसा फक्त स्वतःच्या मिशा बघायला वापरणारे. मैलभर गेलो आणि रेल्वेचे रूळ आले. दोन्हीकडे गवत वाढलेलं, आगगाडीचा पत्ता नाही. तरी वॉल्टरनी बस थांबवली. पुढचं दार उघडलं, खिडकी उघडली, मान बाहेर काढली आणि गप्प बसले.

ड्रायव्हर दार उघडून मान बाहेर काढतो आणि अवाक्षर बोलत नाही, म्हणजे गाडी बसली, बंद पडली! आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि बसली कुठे, तर रुळाच्या तोंडाशी!

"गेट डाउन! ऑल गेट डाउन!" मी मागचं दार ढकलून उघडलं. "जेन्ट्स मागे, लेडीज बाजूला! पुश!"

लोक हसत हसत उतरले. म्युझियमात जे होईल ते तिकिटातच धरलेलं असतं, अशी या लोकांची समजूत. एका धिप्पाड आजोबांनी तर बाह्या सरसावल्या. मी "जोर लगाके" म्हटलं आणि "हैशा" त्यांना पहिल्याच फटक्यात जमलं. बस हलली! रूळ ओलांडून गेली! टाळ्या काय, मिठ्या काय! आणि बस गेली ती गेलीच, वळणावरून दिसेनाशी झाली.

"अहो वॉल्टर! थांबा! अरे मेल्या, थांब!"

कसला थांबतोय.

मग एका आजीबाईंनी मला समजावलं. इथे कायदाच आहे म्हणे. रूळ आले की बस थांबवायची, दार उघडून आगगाडी येतेय का ऐकायचं, मगच पुढे जायचं.

"बाई, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही इतक्या खात्रीने ओरडत होतात!"

झालं. मक्याच्या शेतांमधून आमची वरात पायी परत निघाली. म्युझियमला पोचलो तर रिकामी बस शेडमध्ये उभी, वॉल्टर पांढरेफटक, डोना लालबुंद आणि निमिष डोकं धरून बसलेला.

"माझंच लक्ष नव्हतं," वॉल्टर पुटपुटले. "आता मला गाडी देऊ नका."

मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण दुसऱ्याच्या माथी खापर फोडून मिळालेली ड्यूटी मला पचली नसती. "निमिष, सांग त्यांना. चूक माझी. या सगळ्यांना मीच उतरवलं. मी येणार नाही परत." लई वाईट वाटलं.

डोनांनी विचारलं, "किती माणसं उतरवलीत?"

"बत्तीस."

"आणि परत किती आणलीत?"

"बत्तीस. वाटेत सहा वेळा मोजली. एक पोरगी फुलं तोडत मागे राहिली, तर सगळी वरात थांबवली."

डोनांनी वॉल्टरांकडे पाहिलं. "याने बत्तीस माणसं हरवली आणि याला पत्ता नाही. याच्या मागे कुणीतरी मोजणारं हवंच." त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर रविवारच्या पुढे खडूने माझं नाव लिहिलं. "पण रुळाजवळ?"

मी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. बोलले असते तर तिथेच रडू फुटलं असतं.