रिकामा पेला

सिस्टरनी कुंडी बेसिनजवळ ठेवून झाडाला नुसता हात लावला, तर ते अख्खे हातात आले. मुळे मातीतच राहिली. बुडाशी खोड काळे पडले होते, बोटांना बुळबुळीत लागत होते. आठवड्यापूर्वी गुबगुबीत असलेली पाने एकेक करून ओट्यावर गळाली.

चौतीस वर्षे इस्पितळात परिचारिका म्हणून काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे. नवऱ्याने थट्टेने सुरुवात केली आणि पुढे त्याच्याही तोंडी तेच नाव बसले. निवृत्तीनंतरही त्यांच्या फ्रिजच्या दारावर वॉर्डातल्यासारखा तक्ता असे. आधी त्यात नवऱ्याची रक्तदाबाची गोळी तेवढी होती. गेले तीन महिने बाकीच्या सगळ्या ओळी लेकीच्या होत्या. आठला दूध, अकराला दूध, एकला जेवण, पाचला सूप. प्रत्येक ओळीच्या टोकाला पेन्सिलीने बरोबरची खूण. आणि अगदी तळाशी या झाडाची ओळ : पंधरा दिवसांनी, अर्धी वाटी पाणी.

लेकीला घरात अजूनही चिंगी म्हणत. सातव्या महिन्यात पोटातले बाळ गेले आणि ती माहेरी आली, तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात ही कुंडी. जाडजूड पानांच्या त्या झाडाला ती लठ्ठ्या म्हणायची. आल्यापासून ते तिच्या खोलीच्या खिडकीत होते आणि तीही बहुतेक वेळ त्याच खोलीत. आज ती आंघोळीला गेली तेव्हा झाड कलंडलेले दिसले, म्हणून सिस्टरनी ते उचलून आणले होते.

“अहो, जरा बघता का?” त्यांनी खिडकीतून हाक मारली.

नवरा सुतार. मागच्या अंगणातली छपरी हे त्याचे दुकान. तिथेच एका कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली, पॉलिश करायचा राहिलेला पाळणा होता. त्याकडे दोघेही बघत नसत. लाकडाचा भुसा झटकत तो खिडकीशी आला आणि झाडाचे बूड त्याने नाकाशी धरले.

“पाणी जास्त झालंय.”

“एक थेंब जास्त नाही. तक्ता बघा.”

“तक्त्यात असेल बरोबर. पण मुळं तर कुजलीत.”

“मग तुमची वाफ्यातली लिली का नाही कुजली? तिला तर पावसाळाभर बादलीने घालत होते.”

“अगं, ती जमिनीतली. वाढीला लागली की तिला शेणखत घाल, पाणी घाल, सगळं मागते. आता पानं वाळून आत गेलीय ना, आता तिच्या वाटेलाच जायचं नाही. तरी तू परवा खुरपं घेऊन निघालीसच उकरायला.”

“मला वाटलं, मेली.”

“म्हणून तर काठी रोवलीय तिथं.” त्याने झाड परत दिले. “हा लठ्ठ्या वेगळा. लागेल तेवढं पानात भरून ठेवतो. पानं सुरकुतली की मागतोय म्हणायचं. त्याच्या आधी दिलंस, की संपलं.”

तो गेला. सिस्टरनी कुंडी रिकामी करायला घेतली. मातीवर पांढऱ्या खड्यांचा थर होता, शोभेचा. तो बाजूला केला आणि आंबूस वास आला. खड्यांखाली मातीवर साय धरावी तसा थर जमला होता, पिवळट, फाटलेला. चिमटीत धरून त्यांनी वास घेतला. दूध. सूपही असावे.

पहिल्यांदा त्यांना रागच आला. सायीसकट, साखर घालून, गार करून दिलेले दूध! मग त्या स्टुलावर बसल्या. वॉर्डात गोळी गालात दडवणारे म्हातारे त्यांनी कितीदा पकडले होते. उशी उचलून बघायच्या, जीभ बाहेर काढायला लावायच्या. इथे मात्र पेला रिकामा आला की खूण. पोर नको म्हणू शकली नाही आणि घेऊही शकली नाही. तीन महिने त्या पेल्याचा तळ बघत राहिल्या होत्या. चिंगीची मनगटे केवढीशी झाली होती, ते काय त्यांना दिसले नव्हते? दिसले होते. म्हणून तर पाचचे सूप वाढवले होते.

“आई?”

चिंगी दारात उभी होती. ओल्या केसांचे पाणी खांद्यावर ठिबकत होते. तिची नजर कुंडीवर गेली, मग बाजूला काढलेल्या खड्यांवर, आणि तिथून हलेना.

“आई, मी ते...”

“माती चांगली नव्हती गं,” सिस्टर म्हणाल्या.

चिंगीची हनुवटी थरथरली. सिस्टरना उठून तिला जवळ घ्यावेसे वाटले, टॉवेलने केस पुसावेसे वाटले. त्यांनी ओट्यावरची पाने चाळली. त्यात एक धड निघाले. कुंडी धुऊन त्यांनी तिच्यात कोरडी वाळू भरली आणि ते पान वर आडवे ठेवले.

“यातून येईल?” चिंगीने विचारले.

“येतं म्हणतात.”

“पाणी?”

“नको. मुळं फुटेपर्यंत काहीच नको.”

“किती दिवस?”

चौतीस वर्षांत नातेवाइकांनी हा प्रश्न विचारला की सिस्टर आकडा सांगत आल्या होत्या.

“माहीत नाही गं,” त्या म्हणाल्या.

अकरा वाजले. दुधाचे पातेले फ्रिजमध्येच होते. सिस्टर मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते पदरात गुंडाळले. छपरीत रंधा चालला होता. समोर वाफ्यात उघडी माती आणि मधोमध ती काठी. सव्वाअकरा झाले असतील. दोनदा त्या उठल्या, दोनदा बसल्या.

मग स्वयंपाकघरात पावले वाजली. मांडणीवरून भांडे काढल्याचा आवाज आला, मग नळाचा. चिंगी पेला घेऊन बाहेर आली आणि एक पायरी सोडून खाली बसली. अर्धे पाणी प्यायली.

“तिथं काय आहे?”

“लिली.”

“कुठाय?”

“आत आहे.”

चिंगी वाफ्याकडे बघत राहिली. मग पुढे वाकून तिने उरलेले पाणी ओतायला पेला काठीपाशी नेला. सिस्टरच्या ओठांवर आलेले शब्द त्यांनी आतल्या आत दाबले. छपरीतला रंधाही थांबला होता.

पेला थोडा वेळ तसाच तिरपा राहिला. मग चिंगीने तो मागे घेतला आणि उरलेले पाणी सावकाश, घोट घोट करत पिऊन टाकले.

सिस्टरनी हात पुढे केला. तिने दिलेला पेला त्यांनी आत नेऊन, तळ न बघताच विसळला आणि पालथा घातला.