माळ्यावरची शिडी

कारखाना बंद पडल्यापासून त्या गल्लीतली निम्मी घरं ओस पडली होती. तिथल्या शाळेच्या भिंती रंगवायला कॉलेजची मुलं आली, तेव्हा पहिल्याच दिवशी दादानं सगळ्यांना बजावलं, "एकटंदुकटं फिरायचं नाही. आणि तो टोपीवाला दिसला की रस्ता बदलायचा."

दादा म्हणजे त्या मुलांतल्या चिमणीचा मामेभाऊ आणि तुकडीचा म्होरक्या. पोरीला जपून आण, असं आत्यानं, म्हणजे चिमणीच्या आईनं, त्याला निघताना सांगितलं होतं. टोपीवाला कारखान्याच्या फाटकापाशी बसलेला असे. गालावर भाजल्याची खूण, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे टक लावून बघायची सवय.

त्या दुपारी छताजवळची भिंत रंगवायची राहिली होती. शेजारच्या रिकाम्या घराच्या माळ्यावर शिडी आहे, असं कुणीतरी म्हणालं. "आलेच घेऊन," म्हणत चिमणी गेलीसुद्धा.

शिडी कोपऱ्यात होती. तिकडे जाताना पायाखालची फळी कडकन मोडली आणि तिचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. तुटक्या लाकडाचं टोक मांसात रुतलं. खाली पाय टेकायला काहीच नव्हतं. जरा हललं की आजूबाजूच्या फळ्या करकरत. मोठ्यानं हाक मारली तरी त्या खचतील, असं तिला वाटलं.

जिन्यावर पावलं वाजली. दादाच असेल म्हणून तिनं मान वळवली. दारात टोपीवाला उभा होता.

तिनं पाय ओढून बघितला. निघेना.

"आवाज ऐकला म्हणून आलो," तो म्हणाला. पण आत येईना. सारखा जिन्याकडे वळून बघत होता. "ओरडू नकोस हं, पोरी."

"का?"

"लोक धावत येतील. तुझा पाय नंतर बघतील, आधी मला धरतील."

तो पोटावर पालथा पडला आणि सरपटत पुढे आला. "मी तुला हात लावत नाही. तूच माझं मनगट धर. घट्ट."

तिनं डोळे मिटून धरलं. तो मागे मागे सरकत गेला, तसा तिचा पाय सुटला. सलवार फाटली होती, रक्त ओघळत होतं. दोघं दारापर्यंत आली आणि रंगाच्या ब्रशचा लांब दांडा घेऊन दादा वर पोचला. त्यानं तिचे फाटके कपडे बघितले, रक्त बघितलं आणि दांडा हाणला.

टोपीवाला खांदा धरून खाली बसला. उलट हात उचलला नाही त्यानं. नुसतं डोकं गुडघ्यांत घातलं, सवय असल्यासारखं.

"दादा, मी पडले होते," चिमणी कशीबशी म्हणाली. "यांनी काढलं मला."

दुसऱ्यांदा उगारलेला दांडा तसाच राहिला. तिचा हात अजून त्या माणसाच्या मनगटावर होता.

खाली माणसांची कुजबुज सुरू झाली होती. टोपीवाल्यानं विचारलं, "त्यांनाही सांगशील ना?"

लंगडत खाली जाऊन तिनं प्रत्येकाला सांगितलं. तो भिंतीला धरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती आणि दादा त्याच्या घरी गेली. दार त्याच्या बहिणीनं जेमतेम फटीएवढं उघडलं.

"माफी मागायची होती," दादा म्हणाला.

"कळवते त्याला. पण तुम्ही गावातून जाईपर्यंत तो बाहेर यायचा नाही," ती म्हणाली आणि आतून कडी लावून घेतली.