मूठभर मांस

"कात्रीला धार नाही," ती म्हणाली. "घरात अख्खा खाटीक आहे आणि बायकोची कात्री बोथट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

टेबलावर जाड कापड पसरलं होतं. त्याच्यासाठी दुकानात घालायचा नवा एप्रन ती बेतत होती. कात्री वीतभर चालून अडली होती. त्याने ती दुकानात नेली, सुऱ्यांच्या दगडावर घासली, नखावर टेकवून पाहिली.

"लावलीत का खरंच? की नुसतीच मिरवून आणलीत?" संध्याकाळी तिने विचारलं.

त्याने पुन्हा धार लावली. पुन्हा तेच. शेवटी त्याने तिच्यादेखत एक चिंधी कापली. लोण्यात सुरी फिरावी तशी कात्री गेली. दोघंही चिंधीकडे बघत राहिली.

"हात दे इकडे," तो म्हणाला.

अंगठ्याच्या बुडाशी तळहाताचा जो फुगीर भाग असतो, तो त्याने दाबला. गिऱ्हाईक 'मऊ द्या' म्हणालं की तो कण्यालगतचं मांस काढून देई. मान आणि पाय राबणारे, त्यांचे धागे जाड, चिवट. मांसाला काम पडलं की ते घट्ट होतं, हे त्याच्या बोटांना बापाच्या हाताखालीच कळलं होतं. ह्या बाईने जन्मभर कात्री चालवली होती. तिथे दोरखंडासारखं घट्ट लागायला हवं होतं. तिथे खळगा होता. दाबलं तर हाडच लागलं.

"काय म्हणतोय हात?"

"थकलाय. जरा आराम दे त्याला."

पुढे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने दोघांना समोर बसवून सांगितलं.

"स्नायू म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. मेंदूचा निरोप मज्जातंतूंतून येतो, मग हे तंतू एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखडतो. ह्यांचे निरोप नेणारे मज्जातंतूच मरत चाललेत. निरोप आला नाही की स्नायू वाळतो."

"सगळेच वाळणार?" त्याने विचारलं.

"आपल्या हुकमाने चालतात ते. डोळे फिरवणारे बहुतेक शेवटपर्यंत टिकतात. हृदयाचं, आतड्यांचं वेगळं. ती आपली आपण चालतात."

"म्हणजे ह्यांच्यासारखीच," ती म्हणाली. "कुणाचा हुकूम ऐकायचा नाही."

डॉक्टर हसला. त्याला मात्र हसू आलं नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा त्याच्या डोळ्यांपुढे आला होता. श्वास ओढतो तो पडदाही मांसाचाच, आणि किती पातळ. दुकानात बकऱ्याचा असा पडदा तो रोज आपल्या हाताने सोडवत होता. त्याचं काय होणार, हे त्याने विचारलं नाही.

हात गेले, मग पाय. ती खुर्चीतून त्याचा स्वयंपाक बघायची आणि नावं ठेवायची.

"कधी नव्हे ते कौतुक करा की माझं," एकदा ती म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते. "चांगलं म्हणालात तर मूठभर मांस चढेल अंगावर. आता गरज आहे हो."

"काहीतरीच तुझं," तो म्हणाला आणि भांडी घासायला लागला. 'मीठ बरोबर आहे', यापलीकडे त्याचं कौतुक कधी गेलं नव्हतं.

मग बोलणंही गेलं. लेक येऊन राहिली.

"बाबा, तिच्याशी बोला ना. तिला सगळं ऐकू येतं."

"बोलतो की."

"पेज पातळ करू का घट्ट, ह्याला बोलणं म्हणतात?"

एका दुपारी लेक औषधं आणायला गेली होती. दुकान बंद करून तो खाटेशी बसला. बराच वेळ त्याने आपले गुडघे चोळले.

"तू शिवलेल्या एप्रनचा बंद कधी तुटला नाही," तो म्हणाला. "कापड विरायचं, बंद शाबूत. गिऱ्हाईकं विचारायची, कुठून आणता. मी सांगायचो, घरचं आहे. ऐटीत सांगायचो."

तिचे डोळे हलले. तेवढेच तिच्या हुकमात उरले होते. त्याच्या चेहऱ्यावर आले, खाली स्वतःच्या दंडाकडे गेले, पुन्हा त्याच्याकडे आले. त्याला जरा उशिराच कळलं. चढलं का, असं ती विचारत होती.

आणि त्याने वेड्यासारखा तो दंड खरोखरच मुठीत धरून पाहिला. हाडाभोवती त्याची बोटं एकमेकांना भेटली.

"चढलंय," तो म्हणाला.

तिचे डोळे हसले. खोटं बोलताय, हेही त्यात होतं.

ती गेली तेव्हा त्याचा तळहात तिच्या छातीवर होता. पडदा थांबला. श्वास आला नाही. तळहाताखाली हृदय मात्र अजून चालत होतं, कुणी न सांगता. मग तेही हळूहळू थांबलं.

काही दिवसांनी त्याने दुकान उघडलं. अंगात जुनाच एप्रन, विरलेला. लेकीने टेबलावरचं कापड उचललं.

"बाबा, हे मी शिवून देऊ?"

"राहू दे."

दिवसभर त्याच्या हातात सुरी असते. ते कापड कापायला त्याला कितीसा वेळ लागणार? कात्रीची धार अजून तशीच आहे. कापड वीतभर कापलेलं आहे, पुढचं कापायचं राहिलं आहे.