लाह्याचे पाच दिवस

खात्याचा मुलगा झिपरू, झिपरूचा सुकराम आणि सुकरामचा हा गोकुळ. पहिल्या तिघांनी धडगावच्या डोंगरात उतारावर घरे बांधली, आणि एकाचीही भिंत तडकली नाही. चौथ्याने मात्र परक्याच्या घराची जमीन तासाभरात बिघडवून ठेवली होती. झिपरूच्या विधवेने, कालीबाईने, हातातली काठी नव्या भरावात रोवली. ती कोपरभर आत गेली.

घरकुल धनुबाईचे होते. उताराची वरची बाजू खणून ती माती खालच्या बाजूला भरायची, जागा सपाट करायची, एवढे काम कालीबाईच्या घराकडे लागत होते. झिपरूचे घर झाले तेव्हा धनुबाईच्या नवऱ्याने, मगनने, घरची पाच माणसे आणून पाच दिवस लाहा दिला होता. लाह्याला मजुरी नसते. काम कामानेच फेडायचे असते. मगन गेला, चाळीस वर्षे लोटली, ते दिवस फिटले नव्हते. धनुबाई समोर आली की कालीबाईचे बोलणे अर्ध्यावर थांबे.

गोकुळने जेसीबी बोलावला होता. मशीनने माती लोटली आणि तो हात झटकून म्हणाला, “फिटलं, आजी. पाच दिवसांचं काम एका तासात.”

“मगनने मशीन पाठवलं नव्हतं. स्वतः आला होता. आणि ही माती नुसती ओतलेली आहे. पावसाळ्यात अर्धं घर खाली बसेल, तेव्हा धनुबाईला काय सांगू? नातवाला गुजरातेत कामावर जायची घाई होती, असं?”

जोत्याचा फोटो गेल्याशिवाय घरकुलाचा पुढचा सरकारी हप्ता येत नाही, असे गोकुळने सुनावले. सुकरामने मुलाचीच री ओढली. कालीबाईचे डोके फिरले. जोत्याच्या फोटोची काळजी सगळ्यांना होती, जोत्याखालच्या मातीची कोणालाच नव्हती. तिने सगळा भराव उपसायला लावला.

सुकराम, त्याची बायको आशा, गोकुळ आणि त्याची बायको सीमा. चारच भरले. पाचवी मी, असे कालीबाईने जाहीर केले.

“तू काय उचलणार, आजी?”

“पाणी. अक्कल उचलून आणता आली असती, तर तीही आणली असती.”

वीतभर माती, त्यावर पाणी, मग ती ठोकून बसवायला धुम्मस. दुसऱ्या दिवशी गोकुळने डोळा चुकवून हातभराचा थर टाकला. तिने तो पुन्हा काढवला. तिसऱ्या दिवसापासून घरातले कोणी तिच्याशी बोलेना. धनुबाई रोज भाकऱ्या घेऊन येई, झाडाखाली बसून पाही आणि चकार शब्द काढत नसे. त्या गप्प बसण्याचा कालीबाईला गोकुळच्या उर्मटपणाहून अधिक संताप येई.

पाचव्या दिवशी धुम्मस पडली की जमीन ठणठण वाजू लागली. धनुबाई उठली. भरावाच्या अगदी कडेपर्यंत गेली, टाच आपटून पाहिली, परत आली. शेजारपाजारचे जमले होते.

“मगनचे पाचही दिवस मला पोहोचले,” ती सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. “कालीबाईच्या घराकडे माझं आता काही बाकी नाही.”