चपलांची राखण

वाळूवर चपलांचे सात जोड होते, चार टॉवेल, पाण्याच्या तीन बाटल्या (त्यातली एक अर्धी), ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक कलिंगड, मामाच्या चष्म्याची डबी आणि आई.

आमच्याकडे सुट्टीचे नियम मामा करतो. तो आईचा धाकटा भाऊ. विमा कंपनीत आहे, त्यामुळे जगातली सगळी जोखीम आपल्यालाच कळते असा त्याचा समज. त्याचा जुना नियम असा, की जो पाण्यात उतरणार नाही त्याने सामान राखायचं. आई कधीच उतरायची नाही, त्यामुळे समुद्र जिथे अर्धगोलात जमिनीत शिरलाय त्या शांत पाण्यात आम्ही सगळे असायचो आणि चपलांपाशी ती. तिला पोहता येत नव्हतं, हे खरं कारण. ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

यंदाच्या हिवाळ्यात बसडेपोतल्या मैत्रिणींबरोबर ती गुपचूप तलावावर जाऊन पोहायला शिकली. भाड्याने बोर्ड देणाऱ्या बाईसमोर आम्ही रांग लावली, तर मागे तीही येऊन उभी.

"ताई, तू कुठे?" मामा म्हणाला. "यावर उभं राहून वल्हवायचं असतं. बसायची सोय नाही."

"मला बसायची सवय कधी होती?" आई म्हणाली. आई सिटी बसमध्ये कंडक्टर आहे.

मामाने लांब पाण्यावर डुलणाऱ्या नारिंगी बोयाकडे बोट केलं. "तो भोज्या. उथळात हवं तितकं पड. पण एकदा निघालीस की उभ्याने भोज्याला शिवून उभ्यानेच परत यायचं. जमलं तर यापुढे राखणीला पाळी लावू, मीसुद्धा बसेन. नाही जमलं, तर तुझी जागा कुठे पळून जात नाही."

"लेखी दे."

"भावावर विश्वास नाही?"

"भावावर आहे. विमेवाल्यावर नाही."

राखायला मी थांबले. आईने लाइफ जॅकेट चढवलं, गुडघाभर पाण्यात बोर्डवर गुडघे टेकले, वल्ह्याच्या आधाराने उठली आणि उजवीकडे पडली. पुन्हा उठली, डावीकडे पडली.

"पुढच्या स्टॉपवर उतरल्या वाटतं बाई," मामा म्हणाला. मामी हसली. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी टॉवेल हातात घेऊन ठेवला, ते जास्त वाईट होतं.

चौथ्यांदा पडल्यावर आई नाक पुसत नुसतीच उभी राहिली आणि तिने चपलांच्या ढिगाकडे पाहिलं. मी पाण्यात शिरले.

"तू पाय मागेपुढे का ठेवतेस?"

"ब्रेक लागला तर तोंडावर पडू नये म्हणून. इतकी वर्षं अशीच उभी राहतेय."

मी बोर्ड टोकाकडून दाबून बघितला. जेमतेम हलला. मग कडेला दोन बोटांनी दाबला, तर लगेच कलला. बस हिसका देते तो लांबीच्या दिशेने. हा झुकत होता रुंदीच्या दिशेने. आईचे पाय चुकीच्या धक्क्याची वाट बघत होते.

"बस वळते तेव्हा कशी उभी राहतेस?"

"पाय फाकवून. गुडघे ढिले. नजर लांब, नाहीतर मळमळतं."

"मग सगळा रस्ता वळणाचाच आहे असं धर."

आईने वल्हं उचललं. "तुला शिकवलं ते अगदीच पाण्यात गेलं नाही म्हणायचं."

ती बोर्डवर चढली, पाय शेजारी शेजारी फाकवून उठली आणि हळूच म्हणाली, "टिंग टिंग."

बोर्ड निघाला. कमरेखाली तिचं सगळं हलत होतं, कमरेवर काहीच नाही. संध्याकाळच्या गर्दीत दोन्ही हातांनी तिकिटं फाडताना ती अशीच दिसते. "काही झालं तर मी आहे," म्हणत मामा आपल्या बोर्डवर तिच्या मागोमाग निघाला. मामी आणि तिच्या दोन्ही जुळ्या मुली पाण्यात येऊन बघत राहिल्या. बाबा टॉवेल वाळूवर टाकून माझ्या शेजारी आले. बोर्डवाली बाईसुद्धा खुर्चीतून उठली.

आईने वल्ह्याने बोयाला टप्पकन टोला दिला आणि बोर्ड वळवला. नेमकी तेव्हाच पलीकडून एक मोटरबोट गेली आणि तिच्या लाटा आडव्या आल्या.

"ताई, खाली बस," मामा एक हात वर करून ओरडला. "गुडघ्यावर बस."

आई बसली नाही. तिने गुडघे अजून सैल सोडले, वल्हं पाण्यात टेकवलं आणि पहिली लाट गतिरोधकासारखी पायांखालून जाऊ दिली. मग दुसरी. तिसरी लाट मामाला मिळाली. त्याचा वर केलेला हातच तेवढा सगळ्यात शेवटी दिसेनासा झाला.

तो पोटावर आडवा होऊन बोर्डवर चढेपर्यंत आई थांबली.

"पुढे सरका," ती म्हणाली, "पुढे जागा आहे."

लाटा किनाऱ्यावर आल्या, आमच्या पायांमधून जाऊन मागे वाळूवर बऱ्याच वर चढल्या. कुणी वळून पाहिलं नाही. आई येत होती. बोर्डचं टोक वाळूला घासलं तेव्हाही ती उभीच होती. जुळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मामीने त्याहून जोरात. बाबांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी वल्हं धरलं.

मामा मागून निथळत आला. "ठीक आहे. पुढच्या वर्षी पहिली पाळी माझी."

"पुढच्या वर्षी कशाला? मी अजून एक फेरी मारून येते," आई म्हणाली. "आणि ड्यूटी अशी घेत नसतात. आधी सामान मोजून ताब्यात घे."

मामाने डबीतून चष्मा काढून लावला आणि मोजलं. टॉवेल चार. बाटल्या तीन. कलिंगड एक. चपला तेरा.