सोळा रंगांचे पंधरा दिवस

मित्रांनो, मी एक संगणक आहे. लोक मला 'जुना संगणक' म्हणतात, आणि त्यांतल्या पहिल्या शब्दाला माझी हरकत आहे. जुने म्हणजे किती जुने, हे आधी ठरले पाहिजे. माझा जन्म एकोणीसशे सत्त्याण्णवच्या दिवाळीतला. तीन वर्षांच्या मुलाला कोणी म्हातारा म्हणत नाही; मला मात्र तिसऱ्याच वर्षी ते ऐकावे लागले. त्या वर्षीच्या श्रावणात माझ्या जिवाची जी घालमेल झाली, ती आज प्लास्टिकच्या आवरणाखाली कोपऱ्यात बसून राहतानाही शमलेली नाही. तिची हकीकत सांगतो.

मी कोणत्या एका कारखान्यातून निघालो नाही. बडोद्यात अलकापुरीतल्या एका दुकानात, टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, कुशल नावाच्या कारागिराने मला जुळवले. परदेशी माल सहज मिळू लागला होता, त्यामुळे माझा प्रत्येक अवयव वेगळ्या मुलखातला. पडद्यावर चित्र उमटवणारे माझे डिस्प्ले कार्ड तर कोणी घडवले, हे कुशललाही नीट ठाऊक नव्हते. खोक्यावर घोड्याचे चित्र होते, एवढेच. पण त्या कार्डाने दाखवलेला डाळिंबी रंग डाळिंबीच असे आणि मोरपंखी मोरपंखीच, हे मी वाद घालून सिद्ध करायला तयार आहे.

मला घरी नेले ते फतेगंजच्या मल्हाररावांनी. ते शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. मोजकेच बोलत, आणि जे बोलत त्यात बहुधा समोरच्याची चूक असे. त्यांच्या पत्नी अहल्याबाई. मुलगा रिफायनरीत पाळीवर जाणारा, म्हणून घरात असून नसल्यासारखा. सून निरुपमा, माझ्यावर खरी सत्ता तिची. मुलगी मोहना लग्न होऊन कॅनडाला गेलेली. तिची पत्रे माझ्यामार्फतच येत.

मल्हाररावांची नजर अधू झाली होती. छापील पुस्तक ते भिंगाने वाचत. पण तेच भिंग माझ्या काचेला लावले की अक्षरे मोठी होण्याऐवजी ठिपकेच मोठे होत. म्हणून मोहनाची पत्रे निरुपमा त्यांना वाचून दाखवी. वाचताना ती काही ओळी गाळते, हे मला दिसत होते. मला बोलता येत असते तर मी आक्षेप घेतला असता.

निरुपमा भरतकामाचे नक्षे काढी. तीन वर्षे तिने मांडवीच्या बाजारातल्या एका दुकानदारासाठी दुसऱ्यांच्या नक्ष्यांची नक्कल करून दिली. त्या वर्षी प्रथमच दुकानदार म्हणाले, "बेन, या नवरात्रीत गरब्याला घालायच्या चणियाचोळ्यांचे बारा नक्षे तुमचे स्वतःचे काढा. खाली नाव तुमचे. पण गणपती बसण्याआधी हातात हवेत. नाहीतर सुरतेचा माणूस तयार आहे."

त्या कामासाठी नवे रंगीत छपाईयंत्र आले. ते माझ्या जुन्या कार्यप्रणालीशी बोलेना. मग कुशलला बोलावणे गेले. माझी सारी स्मृती पुसून तीत नवी प्रणाली भरायची, असे ठरले. निरुपमाचे काम आणि मोहनाची पत्रे आधी फ्लॉपींवर उतरवली गेली, हे खरे. पण माझे कार्ड चालवण्याचे ज्ञान कोणी उतरवून ठेवले नाही.

ते ज्ञान म्हणजे ड्रायव्हर. मित्रांनो, कार्ड हा वादक समजा. ड्रायव्हर म्हणजे त्याला कळेल अशा भाषेत लिहिलेली सूचना. ती नसेल तर उत्तम वादकही नुसता बसून राहतो.

निरुपमाने विचारले होते, "कुशलभाऊ, पुसल्यावर सगळं परत येईल ना?"

"अरे वहिनी, कार्डाची सीडी छे ने? पछी शुं चिंता!"

"कुशल, एक वाक्य एका भाषेत पूर्ण करत जा," आतून मल्हारराव म्हणाले.

"नाना, बडोद्यात राहून एका भाषेत बोललो तर गिऱ्हाईक परत येत नाही."

सीडी होती. देवघराशेजारच्या कपाटात तिला मानाची जागा होती. पण तिचे काय झाले होते, ते ऐका. या घरात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. शिवणयंत्र, सुरी, स्कूटर, आणि माझ्या आगमनानंतर मीही. मला हळदकुंकू वाहिले की अहल्याबाई माझ्या सीडीलाही वाहत. आणि देवाची उपकरणी जशी पूजेआधी लख्ख करतात, तशी त्यांनी ती चकती दरवर्षी चिंच आणि राख लावून घासली होती. चकाकणाऱ्या बाजूने, कारण तीच बाजू चकाकायला हवी होती.

माझ्या सीडीच्या खोबणीत ती चकती घुरघुरली, थांबली, पुन्हा घुरघुरली. मी जिवाच्या आकांताने वाचू पाहत होतो. एक अक्षर लागले नाही.

"बाई, हे कुणी केलं?" कुशलने चकती उजेडात धरली.

"मी," अहल्याबाई अभिमानाने म्हणाल्या. "आरशासारखी होती की नाही?"

निरुपमाने कपाळावर हात मारला. अहल्याबाईंना आपली चूक कळली तेव्हा त्या देवघरात जाऊन बसल्या आणि जेवायलाही आल्या नाहीत.

नवी प्रणाली माझ्या कार्डाला ओळखत नव्हती. अनोळखी पाहुण्याला ओसरीवरच बसवावे, तसे तिने त्याला कसेबसे चालू ठेवले: पडदाभर ढोबळ ठिपके, आणि सगळे मिळून सोळा रंग. लाखो रंग दाखवू शकणारा मी, सोळांत कोंडला गेलो. डाळिंबी आणि किरमिजी एकच दिसू लागले. निरुपमा एक रंग निवडी आणि छापला की भलताच निघे.

कुशलने माझे झाकण उघडले. कार्डाच्या चिपेवर क्रमांक असतो. तो कळला तर ड्रायव्हर महाजालावरून शोधता आला असता. पण चिपेवर उष्णता ओढून घेणारी धातूची जाड पट्टी पक्की चिकटवलेली होती.

"उचकटली तर चिपसकट येईल," तो म्हणाला. अंदाजाने एकदा त्याने दुसऱ्याच कार्डाचा ड्रायव्हर घातला. माझ्या पडद्यावर तिरके पट्टे धावू लागले आणि मग अंधार झाला. तो अंधार मी कधी विसरणार नाही. आत सर्व जागे, आणि बाहेर काही दिसत नाही. त्याने कसेबसे मला परत सोळा रंगांत आणले. "नवा घ्या वहिनी, हा जुना झाला," असे म्हणून तो गेला. नवा संगणक घेण्याची तेव्हा ऐपत नव्हती.

आता जे सांगतो ते त्या घरात फक्त दोघांना माहीत होते, मला आणि मल्हाररावांना.

मला जुळवले त्या दिवशी मल्हारराव दुकानात खुर्ची टाकून बसले होते. घरातल्या पंख्याचासुद्धा क्रमांक वहीत टिपून ठेवणारा तो माणूस. कुशल ती पट्टी चिकटवण्याआधी त्यांनी त्याच्याकडून चिपेचा क्रमांक वाचून घेतला आणि वहीत उतरवला. कुशल ते विसरला. मल्हारराव काही विसरत नसत. तरी पंधरा दिवस ते गप्प राहिले.

का? पडदा बिघडला त्याच दुपारी निरुपमा मांडवीत गेली असता ते सहज माझ्यासमोर बसले, आणि थबकले. ढोबळ ठिपक्यांमुळे माझी अक्षरे बोरांएवढी झाली होती. मोहनाचे पत्र उघडेच होते. त्यांनी नाक काचेला टेकवून पहिला शब्द वाचला, मग दुसरा. तीन वर्षांत प्रथमच मुलीचे पत्र त्यांनी स्वतः वाचले.

मग रोज दुपारी ते येऊ लागले. मोहना मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिही, त्याबद्दल ते पुटपुटत भांडत: "ही काय लिपी आहे? 'ळ' कुठे गेला?" आणि वाचत राहत. एका जुन्या पत्रात होते, 'वहिनी, नाना अजून वरणात मीठ किती यावर भाषण देतात का?' ही ओळ त्यांना कधी वाचून दाखवली गेली नव्हती. ते एकटेच हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा पुसला.

माझी अवस्था काय सांगू! सकाळी निरुपमा समोर बसून रंग चुकवी, पुसे, पुन्हा भरी. दुपारी सासरे त्याच बिघाडापाशी सुखाने बसत. मी कोणाचा? माझा पंखा विनाकारण जोरजोराने फिरे. आणि मनाला सर्वांत टोचणारी गोष्ट अशी की या दोघांत भांडणाचे कारणच नव्हते. नीट ड्रायव्हर मिळाला असता तर मी लाखो रंगही दाखवले असते, आणि मागितली असती तर अक्षरेही बोरांएवढी करून दिली असती. पण ते मागता येते, हे मल्हाररावांना ठाऊक नव्हते, आणि ते निरुपमाला विचारणार नव्हते.

चतुर्थीला चार दिवस उरले. बारांपैकी तीनच नक्षे झाले होते. निरुपमाने फोन उचलला आणि मांडवीचा क्रमांक फिरवू लागली. मल्हारराव दारात उभे होते.

"कुणाला करतेस?"

"दुकानात. सुरतेच्या माणसालाच सांगा म्हणते. नाना, मला नाही जमत. मला रंगच दिसत नाहीत."

त्या शेवटच्या वाक्याने ते हलले, असे मला वाटते. रंग न दिसणे म्हणजे काय, अक्षर न दिसणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके त्या घरात कोण जाणत होते? ते आत गेले, वही घेऊन आले आणि क्रमांकाचे पान उघडून तिच्यापुढे ठेवले.

"ठेव तो फोन. कुशलला लाव."

कुशलने ड्रायव्हर शोधला आणि दुसऱ्या सकाळी तीन फ्लॉपींवर घेऊन आला. माझ्या कार्डाला त्याची भाषा परत मिळाली. पडदा एकदा काळा झाला, आणि मग, मित्रांनो, डाळिंबी पुन्हा डाळिंबी झाला! निरुपमाने आनंदाने टाळी वाजवली. अहल्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मल्हारराव मात्र एकदा माझ्याकडे वाकून पाहून मागे सरले. अक्षरे परत मुंगीएवढी झाली होती.

तीन दिवसांत बारा नक्षे पुरे झाले, तिच्या नावासह मांडवीत पोहोचले. परत आल्यावर तिने मोहनाचे नवे पत्र उघडले. "नाना, या. वाचते." ती वाचू लागली, मध्येच अडखळली आणि पुढे गेली.

"तिथे एक ओळ गाळलीस," मल्हारराव म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पंधरा दिवस मी स्वतः वाचत होतो. अक्षरं मोठी होती तेव्हा. आणि क्रमांक माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता."

निरुपमा उठून उभी राहिली. "पहिल्या दिवसापासून? नाना, माझं पहिलं काम हातातून जात होतं!"

"जात होतं. मला दिसत होतं. त्यावर माझ्यापाशी युक्तिवाद नाही."

आयुष्यभर वाद घालणाऱ्या माणसाचे ते वाक्य होते. राग निरुपमाच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता आणि तो लगेच गेलाही नाही. मग तिने कुशलला फोन लावून रागातच विचारले, "अक्षरं मोठी करायची तर कुठे जायचं?" त्याने सांगितले तिथे ती गेली आणि एक कळ दाबली. माझी अक्षरे फुगली. रंग जागच्या जागी राहिले.

"एवढंच होतं," ती म्हणाली. "एकदा बोलला असतात तर! बसा. गाळलेलंसुद्धा वाचा."

ते बसले. नाक काचेला टेकवून त्यांनी एकेक अक्षर जुळवीत मोठ्याने वाचले, "'वहिनी, नानांना सांगू नकोस. इथे माझ्याशी भांडायला कुणीच नाही.'" मग चष्मा न पुसताच त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. एखाद्या वस्तूत बिघाड झाला तर तो अवश्य दुरुस्त करा. मी काही बिघाडाची बाजू घेणारा नाही. पण दुरुस्तीची घाई करताना घरातल्या सर्वांत गप्प माणसाला एकदा विचारा, की त्या बिघाडात त्याचे काही भागत होते का.