दोन ट्रकांचा चर

भातखाचरातून चर गेला तेव्हा रंगरावाला पहिला संशय आला कंपनीचा, दुसरा तलाठ्याचा आणि तिसरा बांधाला बांध असलेल्या अनंताचा. त्याच्या संशयाला माणसं कधी कमी पडत नसत. पण हिंजवडीत त्या वर्षांत संशय घेणाराच शहाणा होता. आयटी पार्कला जमिनी गेल्या, पेढे वाटले, हारतुरे झाले. आणि ज्यांनी हार घातले त्यांनीच फाटकावर वॉचमन ठेवून गावकऱ्यांना आत सोडायचं बंद केलं. रंगरावाचं ते एकच खाचर उरलं होतं. घरात वर्षभर शिजायचा तो भात तिथला.

टेलिफोनची केबल टाकणाऱ्या कंपनीचा साहेब गोड बोलून गेला होता. "काका, तार-कायदा आहे. केबल जमिनीखालून जाईल. अडवता येत नाही."

"तार?" रंगराव म्हणाला. "म्हंजी मेलं कोण?"

साहेब हसला. म्हातारा विनोदी आहे असं त्याला वाटलं.

पोरगा योगेशही साहेबाच्याच बाजूनं. कमरेला मोबाइल, डोळ्यावर काळा चष्मा. "अण्णा, सरकारी कायदा हाय. उगं आडवं पडू नका. जयाकडं जाऊन या चार दिस, डोकं शांत हुईल." त्यानंच आईबापाला जीपमधून धायरीला लेकीकडं सोडलं. पोरगं भित्रं आहे, एवढंच रंगरावानं मनाशी धरलं.

परत आला तर खाचराचा बांध फुटलेला. काळी माती गायब. चर मुरमानं भरून वर रोलर फिरवलेला. बांध फुटलेल्या खाचरात पाणी ठरत नाही, आणि पाणी ठरत नाही तिथं भात होत नाही.

तो तसाच शनिवार पेठेत श्यामलाबाई वकिलांकडं गेला.

"कागद आणलेत, की नुसता राग?" बाईंनी विचारलं.

सातबारा पाहून त्या म्हणाल्या, "जमीन तुमचीच आहे. त्यांना फक्त लाइन टाकायचा आणि सांभाळायचा हक्क. नुकसान कमीत कमी करायचं, झालं ते पुरतं भरून द्यायचं. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जायचं. कायदा इंग्रजांचा, पण एवढी लाज त्यांनी ठेवली."

बाई इतकी सरळ बोलते, म्हणजे हिलाही कंपनीनं बांधलं की काय? रंगरावानं खोलीभर नजर फिरवली. पंखासुद्धा जुनाच होता. त्याला जरा बरं वाटलं.

"चर किती रुंद?"

"दोन ट्रक शेजारी शेजारी जातील."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, केबल मनगटाएवढी. तिला दोन ट्रकांची वाट कशाला? खाचराच्या मागे कोणाची जमीन?"

"बिल्डरची. त्याला वाट न्हाई..."

"नव्हती," बाई म्हणाल्या. "आता झाली. केबलचं कंपनीशी बोलू. वाटेचा दावा मात्र खणणाऱ्यावर. कंपन्या हे काम गावातल्याच कोणाला तरी देतात. त्याचं नाव आणा."

नाव आणायला कशाला हवं? रंगराव बसमधून उतरला तो थेट अनंताच्या दारात. त्याची कॉलर धरली. "माझं खाचर इकलंस रं भाड्या!"

अनंतानं हात झटकला नाही. "दादा, जेसीबी कुणाचा व्हता ते अख्ख्या गावाला ठावं हाय. तुमास्नी धायरीला कोण सोडून आलं?"

रंगरावाचा हात आपोआप खाली आला.

घरी योगेश जेवत होता. त्याची आई द्वारका वाढत होती. रंगराव उंबऱ्यातच उभा राहिला.

"भात कुठला हाय रं?"

"आपला."

"फुडल्या साली?"

योगेशनं घास तसाच धरला. "इकत आणू. अण्णा, भातात काय ठेवलंय? बिल्डर मला भागीत घेतोय."

"मला इचारलं का न्हाई?"

"तुमी न्हाई म्हणला असता."

"म्हणूनच इचारायचं असतं."

"सगळ्या गावावर संशय घेता तुमी. माझ्यावर न्हाई घेतला, ही माझी चूक?"

योगेशला लाज म्हणून नव्हतीच. द्वारकेनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पातेलं उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी श्यामलाबाईंनी दावा लिहायला घेतला. दावा करणाऱ्याचं नाव लिहून झालं.

"खणणाऱ्याचं नाव?"

"योगेश."

"पूर्ण सांगा."

"योगेश रंगराव."

बाईंचं पेन थांबलं. "आडनाव?"

"वर लिवलंय की तुमी. तेच."

बाईंनी वर पाहिलं. "घरी जाऊन विचार करून या. अशा दाव्यात बाप तारखेच्या दिवशी शब्द फिरवतात."

"माझ्यावर संशय घेताय?"

"घेते."

रंगरावानं मान हलवली. "बराबर हाय. घ्यायलाच पायजे," तो म्हणाला. "लिवा तुमी."